तीन आणे की पंधरा आणे?

1963 च्या ऑगस्टमध्ये लोकसभेत अविश्वासाच्या ठरावावरील चर्चेत डॉ. राममनोहर लोहिया यांनी 27 कोटी भारतीय रोज 3 आण्यांवर गुजराण करतात असे सांगितले, आणि सरकारपक्षाने 15 आण्यांची सरासरी पुढे केली, तेव्हा ती सरासरी कोणाच्या पदरात पडते हाच खरा प्रश्न होता. एका सावकाराची दैनिक प्राप्ती 91 रुपये आणि नऊ मजुरांची प्रत्येकी 1 रुपया असली, तरी दहा जणांची सरासरी 10 रुपये भरते. आकडा अचूक, पण मजुराच्या चुलीशी त्याचा काडीचाही संबंध नाही. व्यासपीठावरून दरडोई उत्पन्नवाढीचे आश्वासन मिळाले, की ती वाढ कोणत्या थराची आणि महागाई वजा जाता किती, हे नागरिकाने निर्भीडपणे विचारावे. लोहियांच्या आकड्याविषयी मतभेद संभवतात, परंतु भर सभागृहात त्यांनी मागितलेला जाब मला अत्यंत मोलाचा वाटतो.