बहुमजली घर आणि निसर्गाचा शेजार



आमचें नगर, ज्यास २०२४ सालापासून अहिल्यानगर हें नांव मिळालें आहे, पूर्वीं आडवें वाढत असे. आतां तें उभें वाढूं लागलें आहे. जुना वाडा पाडून त्या जागीं बहुमजली इमारत उभी राहते. नळ, वीज, लिफ्ट अशा सर्व सोयी हाताशीं येतात, तरीहि घरांतील वडीलधारी माणसें म्हणतात, "सगळें आहे, पण जीव रमत नाहीं." ह्या तक्रारीचा विचार आज करावयाचा आहे.

ही केवळ जुन्याची ओढ नव्हे. वाड्याच्या चौकांत रात्रीं गार हवा उतरून सांचे. सकाळीं दारें लोटून घेतलीं कीं तिचा गारवा दुपारपर्यंत टिके. चौकांतून आकाश दिसे, पाऊस दिसे. नव्या घरांत हा सहवास तुटला.

त्याचा परिणाम कसा होतो, ह्याविषयीं शास्त्राचीहि साक्ष आहे. अमेरिकेंतील रॉजर उल्रिच ह्यांनीं पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रोग्यांची तुलना १९८४ सालीं प्रसिद्ध केली. निम्म्यांच्या खिडकींतून झाडें दिसत. उरलेल्यांच्या खिडकीसमोर विटांची भिंत होती. झाडें पाहणारे रोगी लवकर घरीं गेले व त्यांस तीव्र वेदनाशामक औषधेंहि कमी लागलीं. थोड्या दिवसांच्या मुक्कामांत एवढा फरक पडतो, तर जेथें सारा संसार करावयाचा त्या घराच्या खिडकीचा विचार किती काळजीनें करावा!

मग उंच घरांत निसर्ग आणावा कसा? एक धडा नगरच्याच भूमींत आहे. १५८३ सालीं पूर्ण झालेला निजामशाहीचा फराहबक्ष महाल तळ्याच्या मध्यभागीं बांधला गेला. जाड भिंती, उंच दालन आणि सभोंवार पाणी, असें उन्हाळ्यास तेथें उत्तर दिलेलें होतें.

दुसरा धडा मुंबईचा. तेथील वारा पश्चिमेचा, पण तापलेलें ऊन आणि पावसाचा माराहि तिकडूनच. जुन्या बंगल्यांनीं सभोंवार व्हरांडा ठेवून हा पेंच सोडविला होता. चार्ल्स कोरिया ह्यांनीं १९८३ सालीं पूर्ण झालेल्या कांचनजंगा इमारतींत तोच व्हरांडा उंचावर नेला. प्रत्येक घराला दोन मजले उंचीची, झाडें लावतां येतील अशी गच्ची दिली.

कांचनजंगा श्रीमंतांची, पण तिच्यामागील विचार महाग नाहीं. खोल गच्ची, समोरासमोर खिडक्या, पश्चिमेस सावली, एवढें नगरींहि साधेल. मात्र आपला जिल्हा अवर्षणाचा आहे. येथें हिरवळ आणि कारंजीं म्हणजे टँकरला निमंत्रण. त्याऐवजीं कडुनिंब लावावा. शंभर चौरस मीटर गच्चीवर एक सेंटिमीटर पाऊस पडला, तर हजार लिटर पाणी होतें. तें गटारांत न सोडतां जमिनींत मुरवावें.

घर घेणारांस एवढीच विनंति कीं, दर्शनी भागावरील रंगीत पानाफुलांस भुलूं नका. वारा कोठून येईल, झाड कोठें लावणार आणि त्यास पाणी कोण घालणार, हे तीन प्रश्न पैसे देण्यापूर्वीं विचारा. आणि घर ताब्यांत आल्यावर खोली वाढविण्यासाठीं गच्ची बंद करूं नका. आपल्या चौकाची उरलेली जागा तीच आहे.