पहिल्या वर्षाचे सोबती

(विहाराच्या वर्धापनदिनी, बारावी उत्तीर्ण विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी दिलेले व्याख्यान)



समितीने मला 'बारावीनंतर पुढे काय' हा विषय दिला होता. परंतु प्रवेशाचे अर्ज, जातपडताळणी, शिष्यवृत्ती, स्वाधार योजना यांची माहिती माझ्या आधीच्या वक्त्यांनी इतकी व्यवस्थित दिली आहे की मी तेच पुन्हा सांगू लागलो तर तुम्हाला झोप येईल. म्हणून ज्या गोष्टीबद्दल सत्काराच्या कार्यक्रमात कोणी बोलत नाही ती घेतो. परगावी कॉलेजात गेल्यावर तुमचे मित्र कोण होणार?

हा विषय हलका वाटेल. मी जवळजवळ तीस वर्षे कॉलेजात शिकवले, त्यातली काही वर्षे वसतिगृहाचा रेक्टर होतो. पहिल्याच वर्षी एखादे पोरगे ट्रंक उचलून घरी परत जाते, तेव्हा घरचे म्हणतात, अभ्यास झेपला नाही, इंग्रजी जमले नाही, पैसे पुरले नाहीत. ते खरेच असते. पण त्याच्या खोलीत बसून शांतपणे विचारले तर बऱ्याचदा आणखी एक कारण निघते. दोन-दोन महिने त्याच्याशी कोणी धड बोललेले नसते. तापाने पडला तर मेसमधून ताट आणून देणारे कोणी नसते. फी भरायची शेवटची तारीख कधी होती हेही त्याला कळलेले नसते, कारण ते सांगणारे कोणी नसते. एकटा मुलगा आधी वर्गातून गळतो, मग कॉलेजातून.

इथे वस्तीत आपल्याला मैत्री करावी लागत नाही, ती असतेच. एका नळावर पाणी भरले, एका शाळेत गेलो, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत एकत्र नाचलो, झाली मैत्री. त्यामुळे अनोळखी माणसाजवळ जाऊन 'मी अमुक, तू कुठला रे?' असे विचारण्याची सवयच आपल्या पोरांना नसते. तिथे गेल्यावर वाटते, आपल्यातच काहीतरी कमी आहे. कमी काही नसते. आजवर जे काम करावे लागले नव्हते ते पहिल्यांदाच अंगावर आलेले असते, एवढेच.

बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेबद्दल आपण बोलतो तेव्हा अठरा तास अभ्यास सांगतो, ग्रंथालय सांगतो. त्यांच्या रूम पार्टनरबद्दल कोणी बोलत नाही! १९१३ साली बावीस वर्षांचे बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. आधी एका वसतिगृहात, मग भारतीय विद्यार्थी राहत होते तिथे, असे करत शेवटी लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात स्थिरावले. तिथे त्यांचे सोबती होते नवल भथेना, एक पारशी विद्यार्थी. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजात असताना कॉलेजचा हॉटेलवाला त्यांना चहा-पाणी देत नव्हता. तेच बाबासाहेब इथे दुसऱ्या धर्माच्या मुलाबरोबर एका खोलीत राहिले, आणि ती मैत्री जन्मभर टिकली. १९२० साली अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करायला ते पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा स्वतःची शिल्लक होती, शाहू महाराजांची मदत होती, आणि या भथेनांनी दिलेले कर्ज होते.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू बघा. मधल्या काळात, १९१७ साली बाबासाहेब नोकरीसाठी बडोद्याला गेले होते. तिथे ते एका पारशी धर्मशाळेत उतरले, आणि ते कोण आहेत हे कळताच काही पारशी मंडळी हातात काठ्या घेऊन आली व त्यांना बाहेर काढले. म्हणजे जिवाभावाचा मित्र पारशी आणि काठ्या घेऊन येणारेही पारशी. तरी त्या काठ्यांमुळे भथेनांची मैत्री तुटली नाही, आणि भथेनांमुळे त्या काठ्या ते विसरलेही नाहीत, स्वतः लिहून ठेवल्या. मित्र हा एक माणूस असतो, अख्खा समाज नसतो. पहिल्या वर्षाला जाणाऱ्या मुलांनी हे नीट लक्षात ठेवावे, कारण तिथे तुम्हाला दोन्ही प्रकारची माणसे भेटणार आहेत. कधी कधी एकाच वर्गात.

मग ओळख वाढवायची कशी? अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातील जेफ्री हॉल नावाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पहिल्या वर्षाचे विद्यार्थीही होते. नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास एकत्र घालवावे लागतात, चांगली मैत्री व्हायला सुमारे ९० आणि जवळचा मित्र व्हायला २०० पेक्षा जास्त, असे त्यांना आढळले. हिशेब करून बघा. रोज दोन तास धरले तर पन्नास तासांना पंचवीस दिवस लागतात, दोनशे तासांना शंभर. म्हणजे ऑगस्टला कॉलेज सुरू झाले तर दिवाळीची सुट्टी उजाडेल. आणि आपली मुले पहिल्या आठवड्यातच फोन करून सांगतात, 'इथे कोणी आपलं नाही!' अरे बाबा, आठ दिवसांत कोणाचेच कोणी नसते. बाकीचे नुसते हसून दाखवतात.

त्या अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे. एकत्र काम करताना गेलेले तास तेवढे मोजले जात नाहीत, मोकळ्या वेळातले तास मोजले जातात. एका बाकावर बसून लेक्चर ऐकले म्हणजे मैत्री झाली असे नाही. तास संपल्यावर चहा प्यायला बरोबर जावे लागते. माझा अनुभव हाच आहे. मेसमध्ये रोज ठरलेल्या वेळी जा, ठरलेल्या टेबलावर बसा. लायब्ररीत एक जागा धरा. राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घाला; तिच्या सात दिवसांच्या शिबिरात खड्डे खणताना, भाकऱ्या थापताना जेवढी ओळख होते तेवढी वर्षभर वर्गात होत नाही. इंग्रजी येत नाही म्हणून तोंड बंद ठेवू नका. समोरच्यालाही फार येते असे नसते. आणि मोबाईलवर वर्गाचा ग्रुप असतो, त्यात साठ जण असतात. त्यातला एकही तुम्ही आजारी पडल्यावर खोलीवर येत नसेल तर तो फक्त नोटिस बोर्ड समजा.

आता आडनावाचा प्रश्न. तो टाळून भागणार नाही. 'पूर्ण नाव काय?' असे कोणीतरी विचारतेच. 'कोणत्या कॅटेगरीतून ॲडमिशन?' असेही विचारतात, कधी सहज, कधी मुद्दाम. आपली काही मुले तेव्हा आडनाव गिळतात, गावाचे नाव सांगून वेळ मारून नेतात. मी त्यांना दोष देत नाही, पण लपवलेल्या नावावर मैत्री उभी राहिली की ते पोरगे तीन वर्षे धास्तीत राहते. त्यापेक्षा पहिल्याच दिवशी नाव सरळ सांगून टाका. ते ऐकून ज्याचा चेहरा बदलायचा तो बदलू दे. ऑगस्टमध्येच कळलेले बरे. कोणी अपमान केला, छळ केला, तर मात्र तो मैत्रीचा विषय उरत नाही. त्यासाठी १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा आहे, आपल्या राज्याचा १९९९ चा रॅगिंगविरोधी कायदा आहे. अर्ज लेखी द्या, पोच घ्या आणि घरी त्याच दिवशी कळवा.

दुसरीकडे असेही होते की आपली मुले फक्त आपल्याच मुलांत राहतात. सुरुवातीला ते हवेच. बादली कुठे मिळते, फॉर्म कोण भरून देतो, कोणत्या बाईंकडे सही लागते, हे आपला सीनियरच सांगतो, आणि त्याचे उपकार कधी विसरू नयेत. पण तिसऱ्या वर्षापर्यंत त्याच चौघांत जेवायचे आणि त्याच चौघांत फिरायचे, तर गाव सोडून मिळवले काय? उलट काही जण आपल्या मुलांना ओळखही दाखवत नाहीत, न जाणो आपले बिंग फुटेल म्हणून. हे मला जास्त वाईट वाटते.

वाईट संगतीबद्दल थोडेच बोलतो, कारण पालक त्यावर भरपूर बोलतात. सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी सिगाल नावाच्या तरुणाला मित्राच्या वेशातली चार माणसे सांगितली आहेत: फक्त घेणारा, नुसत्या गप्पांचा, तोंडावर स्तुती करणारा आणि नासाडीत साथ देणारा. हॉस्टेलमध्ये हे चौघेही सापडतात. पहिला तुमचे जर्नल नेतो आणि परीक्षेच्या आदल्या रात्री परत देतो. चौथ्याकडे बहुधा मोटरसायकल असते.

आता पालकांशी बोलतो. आयाबायांनो, मुलगी शिकायला गेली आणि तिच्या फोनवर एखाद्या मुलाचा आवाज ऐकू आला की लगेच चौकशी लावू नका. प्रॅक्टिकलची बॅच मुला-मुलींची एकत्र असते. तुम्ही ओरडलात तर ती मित्र सोडणार नाही, तुम्हाला सांगायचे सोडेल. मग खरोखर अडचण आली तरी सांगणार नाही. आणि बापमाणसांनो, 'तिथे मैत्री-बित्री करायला गेला नाहीस, अभ्यास कर' हे वाक्य जरा आवरते घ्या.

आपण रोज फोनवर विचारतो, 'जेवलास का?' त्याच्या पुढे एक प्रश्न जोडा: 'कोणाबरोबर जेवलास?' पहिल्या महिन्यात उत्तर 'एकटाच' आले तर घाबरू नका. दसरा उलटला तरी रोज तेच उत्तर येत असेल तर एक दिवसाची मजुरी बुडवा, रजा टाका, पण एसटीत बसा आणि पोराला भेटून या. फक्त पैसे देऊन परत फिरू नका. त्याच्या खोलीत तासभर बसा, शेजारच्या खोलीतल्या पोरांनाही घरचे लाडू द्या. रेक्टर असताना मी पाहिले आहे, आईच्या एका डब्याने जे दार उघडते ते आमच्या स्वागत समारंभाने उघडत नाही.

विहार समितीला माझी एक विनंती आहे. आपल्या वस्तीतली जी मुले पुण्याला, नागपूरला, छत्रपती संभाजीनगरला शिकत आहेत त्यांची नावे आणि कॉलेजे एका वहीत लिहून ती वही विहाराच्या ग्रंथालयात ठेवावी. त्यांतले चौघे जण आज सुट्टीला आले आहेत, मागच्या रांगेत बसले आहेत. बारावी झालेल्या मुला-मुलींनी कार्यक्रम संपल्यावर लगेच घरी न जाता ग्रंथालयाच्या खोलीत त्यांच्याजवळ बसावे. चहा तिथेच ठेवला आहे. आम्ही मोठी माणसे आत येणार नाही.

जयभीम!