जोड बघून कुस्ती लावा

(युवक शिबिरात केलेलं भाषण. बोललो तसंच जवळजवळ ठेवलं आहे.)

दोस्तांनो, आणि मागं उभ्या असलेल्या बहिणींनो, पुढं या, जागा आहे.

मला इथं कवी म्हणून बोलावलंय. पण आज कविता वाचणार नाही. आज शाळेतल्या पोरांच्या खेळावर बोलणार आहे. हसू नका. रात्रपाळी करून थेट आलोय, डोळे लाल आहेत ते त्यानं. डोकं ठिकाणावर आहे.

१००९ हा आकडा तुमच्यातल्या बऱ्याच जणांना पाठ असेल. जानेवारी २०१६. कल्याणचा प्रणव धनावडे, रिक्षावाल्याचा पोरगा, वय पंधरा, आंतरशालेय भंडारी चषकात एकट्यानं नाबाद १००९. चेंडू ३२७, चौकार १२९, षटकार ५९. जगात कुणी केल्या नव्हत्या एवढ्या. मीही नाचलो होतो. रिक्षावाल्याचा पोरगा म्हणजे आपलाच की.

आता दुसरा आकडा विचारतो. समोरच्या शाळेनं किती धावा केल्या?

बघा, कुणाला येत नाही. मीच सांगतो. पहिल्या डावात ३१, दुसऱ्या डावात ५२. प्रणवच्या शाळेच्या ३ बाद १४६५. एक डाव आणि १३८२ धावांनी सामना गेला. समोरच्या शाळेची मोठी पोरं परीक्षेमुळं आली नव्हती, म्हणून बारातेरा वर्षांची, सीझन बॉल नीट न हाताळलेली पोरं उतरवली, असं तेव्हाच पेपरात छापून आलं होतं. एका बाजूची सीमारेषाही जवळ होती. प्रणवचं मोठेपण मी कमी करत नाही. हजार धावा करायला मनगट लागतं, दम लागतो, भूक लागते. मी विचार करतो त्या बारा वर्षांच्या पोरांचा. दोन दिवस ती काय खेळली? चेंडू आणून देत होती. घरी आयांनी विचारलं असेल, काय रे, कसा झाला सामना? काय सांगितलं असेल त्यांनी?

आणि हे एकदाच झालेलं नाही. फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, हॅरिस शिल्ड. शारदाश्रमचे सचिन आणि कांबळी, ६६४ची भागी. सचिन नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९. डाव सोडा म्हणून बाहेरून खुणा चालल्या होत्या आणि ही दोघं तिकडं बघायचंच टाळत होती, हे पुढं त्यांनीच हसत हसत सांगितलंय. नोव्हेंबर २०१३, पुन्हा हॅरिस शिल्ड, पृथ्वी शॉ ५४६. दर पिढीला एक आकडा. आकड्याखाली समोरची अकरा पोरं गाडली जातात, त्यांचं नाव कुणी घेत नाही.

आता गावाकडची गोष्ट सांगतो. माझा आजा जत्रेतल्या कुस्त्या बघायचा. हलगी वाजवायला आपलेच लोक, तालमीत मात्र आपल्या पोराला कुणी घेत नसे, ते असो, त्या खुन्नशीचं भाषण वेगळं करीन. पण आजा सांगायचा, रेवड्यांवर सुटणारी पहिली पोराटकी कुस्ती असो नाहीतर शेवटची मोठी, पंच आधी जोड बघतात. दोन पोरं शेजारी उभी करतात. खांदा खांद्याला लागतो का, मांडी केवढी, दंड केवढा. वय कुणी विचारत नाही. जोड बसली नाही तर लोकच ओरडतात, ए, सोडा त्याला, मारता काय पोराला! पागोटेवाला पाटील असला तरी त्याला ऐकावं लागतं.

आमच्या गोदीतही तेच. जड पेटी चौघांनी उचलायची असली तर मुकादम उंची बघून माणसं लावतो. एक उंच आणि एक बुटका लावला तर सगळं ओझं बुटक्याच्या खांद्यावर उतरतं. मुकादम काही समाजवादी नाही, शिव्या देतो, हजेरीतले पैसे खातो. पण जोड त्यालाही कळते. कारण पेटी पडली तर नुकसान मालकाचं.

मग शाळेच्या मैदानातच ही अक्कल कुठं जाते?

तिथं एकच माप लावतात. वय. चौदा वर्षांखालचे एकीकडं, सोळाखालचे एकीकडं, झालं, सगळे समान. आता वयाचं आपल्याकडं काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या बापाची जन्मतारीख १ जून. दोन्ही चुलत्यांची १ जून. माझीही १ जूनच, कारण मी गावात घरी जन्मलो आणि नाव घालताना मास्तरनं शाळा उघडायच्या हिशेबानं लिहून टाकली. आपल्या कितीतरी लोकांचा वाढदिवस मास्तरच्या पेनातून निघालाय. त्या कागदावर आपला एक पोरगा सामन्याच्या सकाळी बाहेर बसवला होता. समोरचे म्हणाले, दाखला उशिराचा आहे, पोरगा मोठा वाटतो. तो आमच्यात सगळ्यात बारका होता, फक्त मिशा लवकर आल्या होत्या. आता क्रिकेट बोर्ड मनगटाचा एक्स-रे काढून हाडाचं वय मोजतं. उपाशी वाढलेल्या पोराचं हाड वयाच्या मागं राहतं, म्हणजे ते कागदापेक्षा लहानच भरतं. उपासमारीचा एवढा एक फायदा झाला म्हणायचा. पण तीच गोष्ट उलटी करून बघा. दोन पोरं, दोघांचं वय चौदा. एकाला सकाळी दूध, अंडी, बदाम. दुसऱ्याला काल रात्रीचा पाव आणि चहा. दोघं चौदा वर्षांचे, हे खरं. जोड बसली, हे खोटं.

माझी स्वतःची गोष्ट सांगतो म्हणजे हवेत बोलतो असं वाटायला नको. मी नववीत. आमची पालिकेची शाळा, बंदराच्या बाजूला. पी.टी.च्या सरांनी स्वतःच्या खिशातून प्रवेश फी भरली. अकरा जणांत पॅडचे दोन जोड होते, पण एकाचे पट्टे तुटलेले, म्हणून एक पाय बांधून खेळायचं. आम्ही हार्बरच्या गाडीनं सीएसटीला उतरून चालत मैदानात. ते स्वतःच्या बसनं आले. बसमधून आधी संत्र्यांची पेटी उतरली, मग बॅटा, मग त्यांचे प्रशिक्षक. आम्ही ती पेटीच बघत राहिलो. सामना तिथंच हरलो होतो, नाणेफेक उगाच केली. त्यांनी चारशेच्या वर मारल्या, आम्ही पन्नाशी पण गाठली नाही.

आमच्यात एक डावखुरा फिरकी टाकणारा होता. त्या मारात एकट्यानं चार बळी काढले. दुपारी त्यांचे प्रशिक्षक त्याच्या खांद्यावर हात टाकून झाडाखाली घेऊन गेले. पुढच्या जूनला तो त्यांच्या शाळेत. फी माफ, किट फुकट, दुपारचं जेवण. आमचा संघ त्या वर्षी उभाच राहिला नाही. सरांनी फॉर्म आणला आणि तसाच परत नेला. मी त्याला गद्दार म्हणालो. तोंडावर म्हणालो, रस्त्यात, त्याच्या आईसमोर. मग काही वर्षं बोललो नाही.

तो आज रेल्वेत आहे, खेळाडूंच्या कोट्यातून. घर चालवतो, बहिणीचं शिक्षण केलं. मी मॅट्रिक झालो आणि गोदीत कंत्राटावर आहे, ठेकेदार उद्या नको म्हणाला तर परवा घरी. आता तुम्ही सांगा, गद्दार कोण आणि शहाणा कोण.

म्हणून मी सांभाळून बोलतो. शाळांची भांडणं मिटवणारे लोक फटकन म्हणतात, पोरं पळवणं बंद करा, शाळा बदलली की वर्षभर बाहेर बसवा. अमेरिकेतल्या शाळांतून असले नियम आहेत. शाळा बदललेल्या पोराला काही काळ खेळू देत नाहीत. कागदावर बरोबर दिसतं. पण आपल्या मुंबईत हा नियम लावला तर फटका कुणाला? संत्र्यांच्या पेटीवाल्या शाळेला नाही. झाडाखाली नेलेल्या पोराला. सचिननंही वांद्र्याची शाळा सोडून शारदाश्रम धरलंच होतं. पृथ्वी शॉ विरारहून वांद्र्याला येत होता. गरिबाच्या पोराला वर चढायला एकच शिडी आहे आणि समतोलाच्या नावाखाली तीही काढून घेणार? आपण याला हो म्हणता कामा नये.

त्याच अमेरिकेत इलिनॉय नावाच्या राज्यात दुसरं काहीतरी करतात, ते मला जास्त पटलं. तिथं शाळांचे गट पटावरून पाडतात. ज्या शाळा कुठल्याही वस्तीतली पोरं घेऊ शकतात, बहुतेक खाजगी, त्यांचा पट २००५ पासून १.६५ नं गुणतात. हजार पोरांची शाळा साडेसोळाशेची धरली जाते आणि मोठ्यांच्या गटात जाते. यावरूनही तिथं वर्षानुवर्षं वाद आहे, पण त्यांनी एक कबूल केलं: निवडून पोरं आणणारी शाळा आणि वस्तीतली येतील ती पोरं शिकवणारी शाळा ही एका मापाची नाही. जोड बघितली त्यांनी. पोराचा पाय बांधला नाही, शाळेच्या पाठीवर वजन टाकलं.

आता मैदानाचं बघू. हे हॅरिस शिल्ड ज्याच्या नावानं, तो लॉर्ड हॅरिस १८९० ते १८९५ मुंबईचा गव्हर्नर. त्याच काळाच्या आसपास समुद्राकाठी पारशी जिमखाना, इस्लाम जिमखाना, हिंदू जिमखाना यांना जागा मिळाल्या. धर्माधर्माला मैदान मिळालं. आपल्याला कुठलं मिळालं? पुण्यात पळवणकर बाळू गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टी झाडत होता आणि साहेबांना सरावाला तासन् तास चेंडू टाकत होता. फलंदाजी मात्र त्याला कुणी दिली नाही. पुढं हिंदूंना जिंकायचं म्हणून त्याला संघात घेतलं आणि चहा बाहेर मातीच्या भांड्यात दिला. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यानं शंभराच्या वर बळी घेतले. तरी हिंदूंचं कप्तानपद बाळूला मिळालं नाही, ते १९२३ साली त्याचा भाऊ विठ्ठल याला मिळालं. डॉ. बाबासाहेबांना बाळूचा अभिमान होता. पुढं १९३७च्या निवडणुकीत काँग्रेसनं त्याच बाळूला बाबासाहेबांविरुद्ध उभं केलं आणि बाबासाहेबांनी त्याला हरवलं, तो भाग निराळा. मी सांगतो ते सरावाच्या जाळ्याचं. चेंडू टाकायला आपला हात चालतो, बॅट धरायची वेळ आली की सामना संपतो. हे अजून चालू आहे. मोठ्या शाळांच्या सरावाला आपल्या वस्तीतली पोरं चेंडू टाकायला जातात, वडापाववर.

आणि जे मैदान आहे ते तरी पोरांचं कुठं? प्रणवचंच घ्या. हजार धावा केल्या त्याच वर्षी, डिसेंबर २०१६मध्ये, केंद्रीय मंत्र्याचं हेलिकॉप्टर उतरवायचं म्हणून कल्याणच्या मैदानातला पोरांचा खेळ अडला. प्रणवनं जाब विचारला तर पोलिसांनी त्यालाच ठाण्यात नेलं. नंतर खेळ हवा तसा होईना, तेव्हा क्रिकेट संघटनेची महिना दहा हजारांची शिष्यवृत्ती त्याच्या बापानं स्वतः पत्र लिहून बंद करायला सांगितली. रिक्षा चालवणारा माणूस! करोडोंचे करार करणाऱ्यांपैकी कुणी असा एक रुपया परत केल्याचं मी ऐकलेलं नाही.

मुलींचं तर मी काय बोलू. ही मागं बसलेली आमची बहीण कबड्डी खेळते. सरावाला मैदान मिळतं ते पोरांचं झाल्यावर, म्हणजे अंधारात, आणि अंधारात घरचे सोडत नाहीत. तिलाच बोलायला सांगा पुढच्या वेळी.

तर आपण मागायचं काय? ताकद बघून गट पाडा. गेल्या तीन वर्षांचा खेळ बघा, पालिकेच्या शाळा एकमेकींशी खेळू द्या, जिंकतील त्या वर जातील. नववीतल्या पोराला एकदा तरी जिंकायचं कसं असतं ते कळू दे. वस्तीतला पोरगा मोठ्या शाळेनं नेला तर नेऊ द्या, पण ज्या शाळेतून नेला तिच्या उरलेल्या दहा जणांना आठवड्यातून एक दिवस आपल्या जाळ्यात सराव द्यायचा, आपल्या प्रशिक्षकासकट. सामन्याच्या दिवशी दोन्ही संघांना एकच जेवण, एका पंगतीत. आणि मैदानात लग्नाचे मांडव, सभा, हेलिकॉप्टर बंद. यातलं एकही फार महाग नाही. ही मागणी घेऊन आपण जायचं, निवेदन मी लिहिलंय, सह्या शेवटी करून जा. ज्यांना मराठी सही येत नाही त्यांनी इंग्रजीत करा, अंगठा नको, त्यांना तेवढंच निमित्त मिळतं.

एक शेवटचं. दर रविवारी सकाळी सहाला आम्ही शिवडीला पुलाखाली पालिकेच्या शाळेतली पोरं घेऊन खेळतो. चौदा पोरं येतात. यष्टिरक्षकाला ग्लोव्हज नाहीत, हात सुजतात त्याचे. कुणाकडं जुने, लहान मापाचे असतील तर आणून द्या. मागच्या महिन्यात मी त्या डावखुऱ्याच्या घरी गेलो. दार त्याच्या आईनं उघडलं. तिनं मला ओळखलं, आणि थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, बस, चहा ठेवते. तो पोरांना फिरकी शिकवायला येतो म्हणालाय. ड्यूटी नसली तर.