मुलांचा रिकामा वेळ कोणाच्या मालकीचा?



सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावात २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून एक प्रयोग सुरू झाला. सायंकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजे आणि पुढील दीड तास घरोघरचे टीव्ही व मोबाईल बंद ठेवले जात. वर्तमानपत्रांनी त्याचे कौतुक केले. पण त्यामागचा विचार फारसा चर्चिला गेला नाही.

२०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद झाल्या आणि अभ्यासाच्या निमित्ताने मोबाईल मुलांच्या हाती आला. पुढे शाळा उघडल्या, मोबाईल मात्र हातून सुटला नाही. एकेका आईने आपल्या मुलाला रागावून हा प्रश्न सुटत नाही. एकाच घरातला पडदा बंद झाला तर मुलाला ती शिक्षा वाटते. साऱ्या गावाने बंद केला तर तो गावाचा रिवाज होतो. वडगावचे खरे शहाणपण या सामुदायिक निर्णयात आहे.

माहितीची सुबत्ता झाली की माणसाच्या अवधानाचा तुटवडा पडतो, असे अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१ सालीच मांडले होते. आज हे दुर्मीळ अवधान हाच बाजाराचा कच्चा माल झाला आहे. मुलाला चित्रफीत फुकट मिळते हा भ्रम होय. जाहिरातदाराला त्याचे अवधान विकले जात असते. म्हणूनच एक चित्रफीत संपते न संपते तोच दुसरी सुरू होते.

छंदाचे अर्थशास्त्र नेमके उलटे आहे. पतंगासाठी कामट्या तासणारा किंवा तबल्याचा एकच बोल शंभरदा घोटणारा मुलगा ग्राहक नसतो, निर्माता असतो. तो चुकतो, कंटाळतो, पुन्हा बसतो. आपल्याला काय जमते आणि काय व्हायचे आहे, हे त्याला याच खटाटोपातून उमगते. आज अनेक मुलांना पडद्यावर प्रसिद्ध व्हावेसे वाटते. त्यात त्यांचा दोष नाही. परंतु त्या व्यवसायाची रचना सोडतीसारखी आहे. थोड्यांना घबाड मिळते, उरलेल्यांच्या वाट्याला बिनपगारी राबणे येते. पडद्यावर मात्र जिंकलेलेच दिसतात.

याचा अर्थ यंत्राचा द्वेष करावा असा नाही. ज्या घरात एकही पुस्तक नाही, तेथे मोबाईल हेच वाचनालय असू शकते. २०२४ च्या ‘असर’ पाहणीत १४ ते १६ वर्षांच्या ग्रामीण मुलामुलींमध्ये स्वतःचा स्मार्टफोन असण्यात मुली मुलांच्या मागे असल्याचे दिसले. भोंगा वाजल्यावर मुलगा पुस्तक उघडणार आणि मुलगी भांड्यांकडे वळणार असेल, तर तो दीड तास तिचा झालाच नाही.

तेव्हा पडदा बंद करणे ही केवळ सुरुवात आहे. मोकळ्या झालेल्या वेळेत मुलांनी जावे कोठे? शहरांतील मैदाने इमारतींनी गिळली, अनेक गावांतील वाचनालयांना कुलपे लागली. मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवण्यास मनाई करणारी तरतूद २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात आहे. तिची काटेकोर अंमलबजावणी मागणे हे राजकीय काम आहे. गावातील वाचनालयाचे कुलूप काढणे, मैदान राखणे आणि तेथे मुलींनाही सायंकाळी निर्धास्तपणे येता येईल असे पाहणे, हे काम मात्र कार्यकर्त्यांना उद्यापासूनच हाती घेता येईल.