पिशवीची चेन आणि उओझूचा तांदूळ

भांडी घासायची राहिली असतील तर घासता घासता ऐका. आज आम्ही जरा लांबचं बोलणार आहोत, थेट जपानचं. पण सुरुवात मात्र आपल्या शिलाई मशीनपासूनच आहे.

मागे आमच्या गटांना कापडी पिशव्यांची ऑर्डर मिळाली. आम्ही तालुक्याला जाऊन चेनचा रोल आणला, रनर सुटे घेतले. दुकानदारानं विचारलं होतं, साधे देऊ की वायकेकेचे? आम्ही साधे घेतले. तेवढेच चार पैसे वाचतील म्हटलं! दोनशे पिशव्यांतल्या तीसेक पिशव्या परत आल्या, रनर निसटले म्हणून. त्या उसवत बसलो असताना गटातल्या एक मावशी म्हणाल्या, "अगं, हा वायकेके आहे तरी कोण?"

कुणालाच सांगता येईना. मग आम्ही शोधायला लागलो आणि चेनमागून चालत चालत एका गावी जाऊन पोचलो.

वायकेके ही जपानी नावाची तीन आद्याक्षरं. अर्थ सरळ आहे, योशिदा यांची कारखानदारी कंपनी. तादाओ योशिदा 1908 साली जन्मले, तोयामा प्रांतात, आजच्या उओझू शहराच्या हद्दीत. तरुणपणी ते टोकियोला गेले आणि 1934 साली तिथं त्यांनी चेनचा धंदा सुरू केला. 1945च्या बॉम्बहल्ल्यात कारखाना जळाला. ते गावाकडे परत आले आणि उओझूत पुन्हा काम उभं केलं. पुढे शेजारच्या कुरोबे शहरात मोठे कारखाने झाले. चेन बनवायची यंत्रंसुद्धा ही कंपनी स्वतःच बनवते. आज दुनियाभरच्या पर्स, पँट आणि दप्तरांवर ती तीन अक्षरं असतात. घरातल्या एखाद्या जुन्या जॅकेटचा रनर उलटून पाहा, सापडतीलही.

आता हे उओझू कसं आहे बघा. जपानच्या पश्चिम अंगाच्या समुद्रावर, तोयामाच्या आखाताकाठी वसलेलं, चाळीसेक हजार वस्तीचं शहर. नावातच धंदा आहे. उओ म्हणजे मासा आणि झू म्हणजे बंदर. मागे बर्फाचे उंच डोंगर, पुढे एकदम खोल जाणारा समुद्र. 1930 साली बंदराचं खोदकाम करताना तिथं जुन्या देवदारांसारख्या झाडांचे बुंधे निघाले, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे! अख्खं रान गाडलं गेलं होतं. ते आता संग्रहालयात पाण्यात जपून ठेवलंय. आणि वसंतात इथं मृगजळ दिसतं. आपल्याकडे तापलेल्या डांबरी रस्त्यावर पाणी दिसतं ना, त्याच्या उलटी तऱ्हा. समुद्रावर थंड हवेचा थर आणि त्याच्यावर गरम हवा आली, की पलीकडच्या काठावरच्या इमारती वर ताणल्यासारख्या, कधी उलट्या टांगल्यासारख्या दिसतात. लोक मुद्दाम बघायला येतात.

पण मैत्रिणींनो, आम्ही अडकलो ते मृगजळापाशी नाही, एका गोदामापाशी. समुद्रकाठावर तांदळाचं जुनं गोदाम अजून उभं आहे. एका बँकेचं होतं ते. तिथं 1918च्या जुलै महिन्यात जे झालं, त्यासाठी जपानच्या इतिहासात या गावाचं नाव आहे. योशिदा तेव्हा नऊ वर्षांचा पोरगा होता.

त्या काळी तोयामाचा तांदूळ जहाजानं उत्तरेला होक्काइदो बेटावर जायचा. हा व्यापार फार जुना. तिकडून जहाजं वाळवलेली हेरिंग मासळी आणि कोंबू नावाची समुद्री वनस्पती घेऊन यायची. कोंबू तोयामाच्या किनाऱ्यावर पिकत नाही, तरी तिथल्या स्वयंपाकात ती भरपूर वापरतात. ती चव या जहाजांनी लावलेली.

जहाजं किनाऱ्यापासून दूर थांबायची. गोदामातून तांदूळ होड्यांपर्यंत न्यायचा आणि होड्यांतून जहाजात चढवायचा. आणि या किनाऱ्यावर ही हमाली बायका करायच्या. पेंढ्याचं विणलेलं पोतं, साठ किलोचं, पाठीवर. घरचे पुरुष महिनोन्‌महिने उत्तरेला मासेमारीला गेलेले असायचे. घरात धान्याची कणगी नाही. रोजची मजुरी मिळाली की रोजचा तांदूळ आणायचा, असा संसार.

त्यात पहिलं महायुद्ध चालू. कारखानदारांची चंगळ होती, पण मजुरी काही वाढली नव्हती. तांदळाचा भाव दीड वर्षात दुप्पट झाला. जपान सायबेरियात फौज पाठवणार, सरकार तांदूळ खरेदी करणार अशी हवा झाली आणि व्यापाऱ्यांनी माल दाबून धरला. आपल्याकडेही तेच साल वाईट गेलं होतं. पाऊस नाही, धान्य महाग आणि वर मानमोडीची साथ. घरात कुणी जुनं माणूस असेल तर मानमोडी हा शब्द त्यांनी नक्की ऐकला असेल.

तर भाव का वाढतोय याचा विचार राजधानीत शहाणी माणसं करत होती. उओझूच्या बाईला मात्र तो डोळ्यांनी दिसत होता. सकाळी पोत्यांवर पोती होडीत चढताना दिसायची आणि संध्याकाळी त्याच तांदळाचा भाव दुकानात आणखी चढलेला असायचा.

जपानीत एक शब्द आहे, इदोबाता काइगी. म्हणजे विहिरीकाठची सभा. बायकांच्या रिकाम्या गप्पांना नाव ठेवायला तो वापरतात. आपल्याकडे पाणवठ्यावरच्या गप्पांना ठेवतात तसंच. आता गंमत ऐका. त्या वेळच्या जपानी कायद्यानं बायकांना राजकीय सभेला नुसतं जाऊन बसायचीही बंदी होती. 1922 पर्यंत. मग बोलायचं कुठं? पाण्यावरच ना!

23 जुलैला होक्काइदोला जाणारं इबुकी मारू नावाचं जहाज उओझूला लागलं. कोळ्यांच्या घरच्या काही डझन बायका त्या गोदामासमोर जमल्या. तोडफोड नाही, लूट नाही. त्यांनी हात जोडून मागणी केली, तांदूळ बाहेर पाठवू नका, इथंच आम्हाला विका. फुकट नव्हत्या मागत, हे आम्हाला फार मोलाचं वाटतं. पोलिसांनी त्यांना समजावून घरी पाठवलं. पण भराई थांबली. जहाज तांदूळ न घेताच गेलं.

शेजारच्या मिझुहाशीतल्या हमाल बायका त्याच महिन्यात व्यापाऱ्यांकडे हीच मागणी करत होत्या. त्यांनी आधीच सुरुवात केली होती असंही अभ्यासक सांगतात. म्हणजे पहिला मान कुणाचा हा वाद आहेच. तो त्यांचा त्यांनी बघावा. ऑगस्ट लागला तसं मिझुहाशी आणि नामेरिकावात बायकांची संख्या वाढली, वर्तमानपत्रांनी बायकांचा उठाव म्हणून बातम्या छापल्या आणि दहा तारखेपासून क्योतो, नागोया अशी मोठी शहरं पेटली. तिकडे मात्र दुकानं फोडली, जाळपोळ झाली. सरकारनं लष्कर उतरवलं, बातम्या छापायला बंदी घातली, हजारो लोकांना पकडलं. शेवटी सप्टेंबरात पंतप्रधान तेराउची यांचं मंत्रिमंडळ गेलं. त्यांच्यानंतर हारा ताकाशी आले. सरदारकीचा किताब नसलेला हा पहिला पंतप्रधान.

ज्यांनी गोदामासमोर हात जोडले, त्यांना मतदान करायला 1946 साल उजाडावं लागलं.

हे सगळं आम्ही बैठकीत सांगितलं. आम्हाला वाटलं, बायका टाळ्या वाजवतील. पण चेनचं विचारणाऱ्या मावशींनी वेगळंच काढलं. म्हणाल्या, "पोती चढली नाहीत, म्हणजे त्या दिवशीची हमाली बुडली असेल की कुणाची तरी." सगळ्या गप्प झाल्या. कारण आमच्या गटातल्या नऊ बायका हंगामात व्यापाऱ्याच्या गोदामात तूर चाळायला, निवडायला जातात. कुठला माल कधी ट्रकमध्ये चढला, कुठला थप्पी लावून ठेवला, हे त्यांना आधी कळतं. आणि पावसाळ्यात तीच तूरडाळ त्या दुकानातून पावशेर पावशेर आणतात.

गटाच्या बचतीतून हंगामातच तूर घेऊन ठेवावी, हा विषय आमच्याकडे दोन वर्षं नुसता फिरतोय. निम्म्या म्हणतात घेऊ. निम्म्या म्हणतात, व्यापाऱ्याला कळलं तर आपल्याला कामावर बोलावणार नाही. ही भीती खोटी नाही. आम्हाला दर महिन्याला मानधन मिळतं, त्यामुळे "घाबरू नका गं" म्हणणं आम्हाला सोपं. चाळणी हातात घेऊन उभी राहते तिला नाही. आम्ही तसं बैठकीत बोलूनही दाखवलं.

मग एक मध्यम तोड निघाली. यंदा दोन क्विंटलच घ्यायची. तीही व्यापाऱ्याच्या गावातून नाही, गटातल्याच ज्यांच्या शेतात तूर आहे त्यांच्याकडून, बाजारभावानं, रोख. डाळ घरच्या घरी करून आधी गटातल्यांना विकायची. जात्यावर भरडायला दोघी तयार आहेत, गिरणीचा खर्च किती येतो तो तिसरी काढून आणणार आहे. चाळायला जाणाऱ्यांनी रोजचा भाव तेवढा वहीत लिहायचा. मंगळवारच्या बैठकीत हाच विषय पहिला आहे.

तुमच्या गावात कुणी अशी खरेदी केली असेल तर केंद्रावर येऊन सांगा, डाळीला कीड लागू नये म्हणून काय केलं तेही सांगा. आणि हो, त्या तीस पिशव्यांना आम्ही नवे रनर बसवले. या वेळी चांगले घेतले.