असईची गोष्ट



आज आपण आपल्याच जालना जिल्ह्यातल्या एका गावाची गोष्ट ऐकू. गावाचे नाव असई. केळना आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या जमिनीवर हे गाव आहे. घरे, शेते, गुरेढोरे, सारे चार गावांसारखेच. पण विलायतेत इतिहास शिकणारे लोक या गावाचे नाव ओळखतात. आपल्याकडे मात्र शेजारच्या माणसालाही ते ठाऊक नसते. पिकते तिथे विकत नाही, म्हणतात ना!

२३ सप्टेंबर १८०३ चा दिवस. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा केळनेच्या काठी उतरल्या होत्या. भोकरदनच्या बाजूपासून असईपर्यंत तळ पसरला होता. दक्षिणेकडून वेलस्ली नावाचा इंग्रज सेनापती आला. त्याची फौज फार लहान होती.

आता नदी ओलांडायची कुठून? वाटाडे म्हणाले, जवळपास उतार नाही. वेलस्लीने नीट पाहिले. नदीच्या दोन्ही काठांना समोरासमोर दोन गावे दिसली. तो म्हणाला, इतकी जवळजवळ गावे आहेत, तर माणसे येत-जात असणारच. म्हणजे उतार असलाच पाहिजे. माणूस पाठवून पाहिले. उतार निघाला! फौज तिथून पार झाली.

मग मोठे रण पेटले. शिंद्यांच्या तोफांनी इंग्रजांची दाणादाण केली. वेलस्लीचा एक घोडा गोळीने पडला, दुसऱ्याला भाला लागला. त्याची सुमारे १,६०० माणसे मेली किंवा जखमी झाली. त्यांत मद्रासकडचे आपले देशी शिपाईही पुष्कळ होते. शेवटी मराठ्यांची फौज मागे हटली. सुमारे शंभर तोफा इंग्रजांच्या हाती गेल्या. त्याच डिसेंबरात भोसले आणि शिंदे या दोघांनाही तह करून मोठा मुलूख सोडावा लागला. पुढे १८१५ मध्ये याच वेलस्लीने वॉटर्लू येथे नेपोलियनचा पराभव केला.

आता असईच्या आसपास पाहा. भोकरदन तर फारच जुने. त्याचे जुने नाव भोगवर्धन. १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा या विद्यापीठांनी तिथे खोदकाम केले. हस्तिदंताची एक लहान मूर्ती निघाली. तशाच घडणीची मूर्ती दूर इटलीत, पाँपेई शहरात सापडलेली आहे. ते शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या भागाचा माल कुठवर जात असेल, विचार करा! अन्व्याला कोरीव खांबांचे जुने दगडी देऊळ आहे. जाफराबादला किल्ला आहे. अजिंठ्याची लेणीही काही फार दूर नाहीत.

हे सारे आपल्याला कसे कळले? कोणीतरी लिहून ठेवले म्हणून. मध्य प्रदेशात सांची येथे मोठा स्तूप आहे. त्याला दान देणाऱ्यांची नावे दगडावर कोरली आहेत. त्यांत भोगवर्धनची माणसेही आहेत. ती नावे आजही वाचता येतात. असईच्या लढाईची हकिकत इंग्रजांनी पत्रांतून लिहिली. पण ज्यांची उभी पिके त्या दिवशी तुडवली गेली, त्या शेतकऱ्यांची नावे काय होती? त्यांच्यावर काय गुदरले? ते कोण सांगणार? त्यांना लिहिता येत नव्हते.

आमचीही एक चूक सांगतो. आम्ही मास्तरकी करीत होतो तेव्हा एक म्हातारबाबा शाळेच्या ओट्यावर येऊन बसत. नांगरताना लोखंडी गोळे कुठे लागत, कोणत्या शेताला काय नाव आणि ते का पडले, हे सारे त्यांना पाठ होते. आम्ही म्हणायचो, "बाबा, सुट्टी लागली की लिहून घेऊ." सुट्ट्या आल्या आणि गेल्या. एके दिवशी बाबाच गेले. त्यांच्याबरोबर ती सगळी माहितीही गेली. आम्ही शिकलेले असून लिहिले नाही. ही रुखरुख अजून जात नाही.

म्हणून तुम्हाला सांगणे आहे. शेतात जुने नाणे किंवा मूर्ती निघाली तर सोनाराकडे नेऊन आटवू नका. भंगारात घालू नका. जमिनीत पुरलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली, तर कलेक्टरांना कळवावे, असा १८७८ पासून कायदा आहे. जुन्या देवळाचे दगड घराच्या पायाला नेऊ नका.

आणि एक वही करा. घरातल्या आजीला, आजोबांना विचारा. ओढ्याचे, बारवेचे, शेताचे नाव कसे पडले? दुष्काळात काय खाल्ले? ते सांगतील तसे लिहा. अक्षर वेडेवाकडे आले तरी चालेल. खाली आपले नाव घाला आणि तारीख घाला.

आता तुम्हाला लिहिता येते. उद्यावर टाकू नका. आज रात्रीच पहिली ओळ लिहा.