गंजिफांचीं जुनीं पानें

जुन्या वाड्याची वांटणी झाली, माळा झाडावयास काढला, म्हणजे तांब्यापितळेच्या भांड्यांमागून कधीं कधीं एक लहानसा रंगविलेला लांकडी डबा निघतो. झाकण काढलें कीं आंत वाटोळ्या चकत्यांची चळत दिसते. पाठ सर्वांची एकाच रंगाची. दर्शनी बाजूस मात्र कोठें मासा, कोठें कासव, कोठें परशु, तर कोठें थाटानें बसलेला एखादा राजा. घरांतील तरुण मंडळींना तें मुलांचें खेळणें वाटतें. एखाद्या आजीला तेवढें नांव आठवतें : गंजिफा. त्या डब्याचें पुढें काय होतें, हा या भाषणाचा विषय आहे. जुन्या पत्त्यांचा संग्रह करणाऱ्यांच्या हौसेमुळें असे पुष्कळ संच वांचले, हें खरें. पण पुष्कळ संच त्याच हौसेपायीं मोडले, हेंही तितकेंच खरें आहे.

मोडतात कसे, त्याचें गणित अगदीं सोपें आहे. दशावतारी गंजिफांत दहा रंग असतात, एकेका अवताराचा एकेक. प्रत्येक रंगांत बारा पानें : राजा, प्रधान, आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा. एकूण पानें १२०. यांपैकीं राजा आणि प्रधान मिळून वीस पानांवर चिताऱ्यानें आपली सारी करामत ओतलेली असते. बाकीच्या शंभरांवर नुसत्या खुणा. व्यापाऱ्यास हें गणित तोंडपाठ असतें. वीस पानें सुटीं सुटीं चौकटींत बसवून विकतां येतात आणि दिवाणखान्याच्या भिंतीवर तीं शोभतातही. उरलेल्या शंभर दुर्र्या-तिर्र्या घेऊन करावयाचें काय? त्या कोठें जातात, याची चौकशी भिंतीवरचा राजा विकत घेणारा सहसा करीत नाहीं.

आणि खेळाचा जीव तर त्या दुर्र्या-तिर्र्यांतच असतो. हल्लींच्या बावन्न पत्त्यांत एक्का सर्वत्र एकच मान मिळवितो. गंजिफांचा न्याय निराळा. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह आणि वामन या पहिल्या पांच रंगांत प्रधानाच्या खालीं दश्शी, मग नव्वी, असें उतरत उतरत एक्का अगदीं तळाशीं बसतो. परशुरामापासून कल्कीपर्यंतच्या पांच रंगांत हीच उतरंड उलटी होते : प्रधानाच्या खालोखाल एक्का, आणि दश्शी सर्वांत हलकी. म्हणजे मत्स्याचा एक्का हा रंक, तर परशुरामाचा एक्का केवळ दोघांनाच वांकणारा! हुकुमाचा म्हणून वेगळा रंग या खेळांत नाहीं. तिघे खेळगडी बसले कीं सगळीं पानें वांटलीं जातात, प्रत्येकाच्या वांट्यास चाळीस. एखाद्या रंगांतील वरचीं पानें पडून गेलीं कीं उरलेल्यांत जें वरचढ ठरेल, तें आतां कोणी मारूं शकत नाहीं, म्हणून तें हुकूम. सबब कोणतें पान पडलें आणि कोणतें हातांत आहे, हें शेवटपर्यंत मनांत जुळवीत बसावें लागे. हा दैवाचा खेळ कमी आणि स्मरणशक्तीचा अधिक. दिवसा डाव मांडला तर रामाचा राजा ज्याच्या हातीं, त्याची पहिली उतारी. दिवे लागल्यावर तो मान कृष्णाकडे जाई. भिंतीवरच्या चौकटींतल्या रामाकडे पाहून यांतलें कांहीं कळावयाचें नाहीं.

हा खेळ आपल्याकडे मोंगलांबरोबर स्थिरावला, असें मानण्यास चांगला आधार आहे. सिंधच्या शाह हसनला गंजिफांची आवड होती आणि त्यानें त्या मागितल्या म्हणून त्या त्याजकडे पाठविल्या, अशी नोंद बाबरानें १५२७ सालच्या आपल्या आठवणींत करून ठेवली आहे. पुढें अबुल फज्ल यानें ‘आईन-इ-अकबरी’त बारा रंगांच्या १४४ पानी गंजिफांचें वर्णन केलें. त्यांत घोड्यांचा स्वामी अश्वपति हा दिल्लीच्या बादशहासारखा, हत्तींचा स्वामी गजपति ओरिसाच्या राजासारखा, आणि पायदळाचा स्वामी नरपति विजापूरच्या राजासारखा काढीत, असें तो सांगतो. पत्त्यांच्या एका संचांत त्या काळचा राजकीय नकाशाच मांडलेला होता म्हणावयाचा.

आठ रंगांच्या, ९६ पानांच्या मोंगली गंजिफांना आपल्याकडे चंगकांचनी म्हणत. ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात आणि किमाश हे ते आठ रंग. मुकुट, रुप्याचें नाणें, तलवार, चाकर, तंतुवाद्य, सोन्याचें नाणें, कागद आणि कोठीचा माल, असा सारा दरबारच त्यांत भरला आहे. यांतील बरात मराठी दप्तरें चाळणाऱ्यास ‘वरात’ या रूपानें चांगलीच ओळखीची असते. महालावर किंवा खजिन्यावर काढलेली पैशाची चिठी ती हीच. दशावतारी गंजिफांत या दरबाराची जागा देवांनीं घेतली, परंतु खेळाचा सांगाडा तोच राहिला. पांच रंग सुलटे आणि पांच उलटे ही रीतसुद्धां चंगकांचनीच्या चार-चार रंगांवरून घेतलेली दिसते.

संग्राहकापुढें पहिला प्रश्न उभा राहतो तो जुनेपणाचा. इंग्लंडांतील संग्राहक या बाबतींत सुखी आहे. तेथें १७११ पासून पत्त्यांवर सरकारी कर होता. पुढें कर भरल्याची खूण इस्पिकच्या एक्क्यावर छापूं लागले, आणि ती बदलत गेल्यामुळें एक्का पाहून संचाचा काळ पुष्कळसा ठरवितां येतो. असा एक्का खोटा छापल्याबद्दल रिचर्ड हार्डिंग नांवाच्या इसमास १८०५ सालीं फांशीं जावें लागलें. गंजिफांच्या चिताऱ्यानें बहुधा ना सही केली, ना साल घातलें. तेव्हां येथें हातीं जें आहे त्यावरूनच तर्क बांधावा लागतो : रंगांचा जोम, रेषेचें वळण, मुकुटाची आणि पागोट्याची तऱ्हा, डब्यावरील नक्षी. नवव्या अवताराच्या जागीं जगन्नाथ दिसला, तर संच ओरिसाकडील असण्याचा पुष्कळ संभव असतो. वंगदेशांतील विष्णुपूरची तऱ्हा पुन्हा निराळी.

पण यांहून बोलकी खूण झिजेची. गंजिफांत प्रत्येक डावांत सारींच पानें वांटलीं जात असल्यामुळें कडा सर्व पानांच्या सारख्याच झिजावयास हव्यात. एखादें पान इतरांहून टवटवीत दिसलें, तर तें मागाहून भर घातलेलें, असें समजण्यास हरकत नाहीं. एक पान हरवलें, किंवा एकाच्या पाठीवर ओळखूं येईल असा डाग पडला, तर तेवढ्यानें सगळा संच निकामी होतो, कारण मग कोणाच्या हातांत काय आहे तें गुपित राहत नाहीं. अशा वेळीं चिताऱ्याकडून तेवढेंच पान नवें करवून घेणें हाच मार्ग. पुष्कळ संग्राहक असें परक्या हातचें पान पाहून नाक मुरडतात आणि किंमत पाडून मागतात. वस्तुतः ज्या संचांत असें बदली पान आहे तो संच कोणी तरी आवडीनें खेळत होतें, याचा तो पुरावा होय. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यांत इजिप्तच्या मामलूक अमदानींतील, पंधराव्या शतकांतले मानलेले पत्ते आहेत. बावन्नांपैकीं सत्तेचाळीस उरले आहेत, आणि त्यांतलींही कांहीं पानें दुसऱ्या संचांतून भरतीस आलेलीं आहेत. म्हणून त्यांचें महत्त्व कोणी कमी लेखीत नाहीं. त्यांतील राजाच्या एका पानावर ‘कंजिफा’ हा शब्द लिहिलेला सांपडतो, आणि राजाखालच्या मानकऱ्यांस तेथें नायब म्हटलें आहे. स्पॅनिश भाषेंत पत्त्यांना जो ‘नाइपे’ शब्द आहे तो या नायबावरूनच निघाला असावा, असा अनेक अभ्यासकांचा तर्क आहे. आपल्या कचेऱ्यांतील नायबाचे असे सगेसोयरे दूरवर पसरलेले आहेत.

आतां जतनाविषयीं दोन शब्द. श्रीमंतांच्या गंजिफा हस्तिदंताच्या किंवा कांसवाच्या पाठीच्या असत, त्यांस दरबारी कलम म्हणत. सामान्यांसाठीं असे तें बाजारी कलम. हस्तिदंताच्या खरेदीविक्रीस आतां कायद्यानें बंदी आहे, हें हौशी माणसानें विसरूं नये. बाजारी कलमाचीं पानें म्हणजे चिंचोक्याच्या खळीनें एकावर एक चिकटविलेलें जुनें कापड, त्यावर खडूचा लेप, दगडानें घोटून आणलेली तुळतुळी, मग रंग, आणि शेवटीं लाखेचा हात. ही कृति ध्यानांत घेतली म्हणजे काय करूं नये तें आपोआप उमगतें. खळीस कीड लागते, लाख उन्हानें चिकटते, आणि ओल्या फडक्यानें पुसलें कीं लाखेला जेथें तडा गेला असेल तेथून रंग सुटूं लागतो. चकचकीत दिसावें म्हणून वरून वार्निश फांसणारे तर संचाचा घातच करतात. पानें कोरड्या जागीं, त्यांच्या मूळच्या डब्यांत ठेवावींत. चिकटवहींत डकवूं नयेत.

खेळ मागें पडण्याचीं कारणें शोधावयास फार दूर जावें लागत नाहीं. यंत्रावर छापलेले बावन्न पत्ते स्वस्त; चार रंग शिकावयास सोपे; आणि शहरांतील सुशिक्षित मंडळींत ब्रिजची चाल पडली. एकशेंवीस पानें हातानें रंगविणाऱ्याची या स्पर्धेंत डाळ शिजणें शक्य नव्हतें.

या पडत्या काळांत ज्यांनीं गंजिफांकडे डोळसपणें पाहिलें त्यांत रुडॉल्फ फॉन लायडन यांचें नांव आधीं घ्यावें लागतें. हे जर्मन गृहस्थ १९३३ सालीं मुंबईस आले आणि येथेंच दीर्घकाळ राहिले. चित्रकलेचे टीकाकार म्हणून मुंबईस त्यांचा लौकिक होता. त्यांनीं हिंदुस्थानभरच्या गंजिफा जमविल्या, आणि १९८२ सालीं लंडनच्या व्हिक्टोरिया व अल्बर्ट संग्रहालयांत गंजिफांचें जें प्रदर्शन भरलें, त्याचा ग्रंथ त्यांनींच लिहिला. त्यांचें वैशिष्ट्य असें कीं, चित्रांच्या सौंदर्यावर ते थांबले नाहींत. कोणता रंग कोणाच्या वर, उतारी कोणाची, याचीही त्यांनीं चिकित्सा केली. आपल्या पुण्याच्या दिनकर केळकरांनीं दिवे, अडकित्ते, कुलुपें, दौती अशा घरगुती वस्तु ज्या जिव्हाळ्यानें गोळा केल्या, त्याच जातीची ही दृष्टि होती.

नियम उरले आणि खेळणारे गेले, याचें उदाहरण म्हैसूरचें. कृष्णराज वडियार तिसरे यांच्या हातून १८३१ सालीं इंग्रजांनीं कारभार काढून घेतला. त्यानंतर १८६८ पर्यंत ते जगले, आणि राज्य चालविण्याची बुद्धि त्यांनीं जणूं खेळ रचण्याकडे वळविली. ‘श्रीतत्त्वनिधि’ या ग्रंथांत त्यांच्या पत्त्यांच्या निरनिराळ्या खेळांचीं वर्णनें सचित्र दिलीं आहेत. त्यांतील सर्वांत मोठ्या संचाचीं पानें ३६० आहेत. इतका फुरसतीचा खेळ राजवाड्याबाहेर फारसा रुजला नाहीं, यांत आश्चर्य तें काय? ओरिसांत याच्या उलट घडलें. तेथें ग्रंथावांचून केवळ सरावानें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतही गंजपा खेळणारे वृद्ध भेटत.

सावंतवाडीची हकीकत या दोहोंच्या मधली आहे. लाखकामाबद्दल आणि लांकडी खेळण्यांबद्दल प्रसिद्ध असलेल्या या गांवीं चिताऱ्यांचीं घराणीं पिढ्यान्‌पिढ्या गंजिफा रंगवीत. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर गिऱ्हाईक आटलें, आणि हें काम जाणणारे हात बोटांवर मोजण्याइतके राहिले. तेव्हां शिवरामराजे भोंसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनीं १९७० च्या सुमारास राजवाड्यांतच या कलेस आसरा दिला. राणीसाहेब जुन्या कारागिराकडून शिकल्या, स्वतः रंगवूं लागल्या, आणि त्यांनीं नव्या मुलामुलींच्या हातांत कुंचले दिले. त्या २०१८ सालीं निवर्तल्या. काम चालू राहिलें. तेथें दशावतारी संच होतात, आणि त्याबरोबर इस्पिक-बदामांचे बावन्न वाटोळे पत्तेही होतात. कांहीं चोखंदळ मंडळी या दुसऱ्या प्रकारास बाटगा म्हणतात. तें बोलणें अन्यायाचें आहे. चिताऱ्याचें पोट चाललें पाहिजे, आणि हे बावन्न पत्ते घेणारा निदान ते खेळूं तरी शकतो. दशावतारी संच घेणारे बहुतेक हौशी किंवा प्रवासी; डबा उघडून डाव मांडणारा त्यांत विरळा.

म्हणून ज्यांच्या घरीं असा जुना डबा निघेल, त्यांनीं पानें पुसण्यापूर्वीं तीं मोजावींत. ९६ कीं १२०, कोणत्या रंगाचें कोणतें पान नाहीं, बदली पान कोणतें, डबा कोणत्या गांवाहून आणि कोणाकडून आला, हें एका कागदावर लिहून तो कागद डब्यांतच ठेवावा. संच अपुरा असला तरी फोडूं नये. विकावयाचाच झाला तर सगळा एकत्र विकावा. आणि घरांत एखादें वडीलधारें माणूस लहानपणीं हा खेळ खेळलेलें किंवा नुसता पाहिलेलें असेल, तर त्यास जवळ बसवून विचारावें : दिवसा उतारी रामाचीच असे काय, रात्रीं कृष्णाची काय, पानें किती किती वांटीत, आणि दुसऱ्यानें उतारलेल्या रंगाचें पान देणें भागच असे कीं हवें तें टाकतां येई. जें आठवेल तें त्यांच्याच शब्दांत त्याच कागदाच्या पाठीवर उतरून घ्यावें.